डिकी उघडा म्हटल्यावर

नंदुरबार जिल्ह्यात गाडी चालवणाऱ्याला नाकाबंदीचं नवल नसतं. विसरवाडीहून नवापूरकडे निघा, शहाद्याहून खेतियाकडे वळा, नाहीतर अक्कलकुव्याहून खापरच्या रस्त्याने पुढे जा, थोड्याच वेळात दुसरं राज्य लागतं. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा गुजरात आणि मध्य प्रदेश या दोन्ही राज्यांना खेटून आहे. नवापूरच्या रेल्वे स्थानकात तर सीमारेषा फलाटावरूनच जाते. तिकीट खिडकी महाराष्ट्रात आहे आणि स्टेशनमास्तरांचं कार्यालय गुजरातेत.

या रेषेच्या अलीकडे परवाना काढून दारू पिता येते, पलीकडे राज्य झाल्यापासून, म्हणजे १९६० पासून दारूबंदी आहे. गंमत अशी की दोन्हीकडचा कायदा मुळात एकच, १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा. द्विभाषिक राज्याची वाटणी झाली तेव्हा तो दोघांच्याही वाट्याला आला. गुजरातने तो घट्ट धरला, महाराष्ट्राने परवान्यांच्या वाटेने सैल सोडला. आता दोन्ही राज्यांनी आपापल्या नावाने त्याचं बारसं केलं असलं, तरी पोलीस ठाण्यात आणि बातम्यांत जुनं नाव अजून ऐकू येतं. एका बाजूला माल, दुसऱ्या बाजूला गिऱ्हाईक आणि मधून सुरत-धुळे महामार्ग अशी परिस्थिती असल्यावर गाड्या तपासल्या जाणारच. भाजीच्या क्रेटखाली, चाऱ्याच्या गंजीखाली, टँकरमध्ये केलेल्या चोरकप्प्यात दारूचे खोके सापडल्याच्या बातम्या इथल्या वाचकाला पाठ आहेत.

पण त्याच रस्त्याने सुरतेला दवाखान्यात निघालेलं कुटुंबही जातं, ऊसतोडीला गुजरातेत निघालेल्या मजुरांची पिकअप जाते, लग्नाचं वऱ्हाड जातं. त्यांनाही हात दाखवून थांबवलं जातं आणि काच खाली केली की ऐकू येतं, ‘डिकी उघडा.’ उघडावी लागते का?

याचं उत्तर हल्ली मोबाईलवर फिरणाऱ्या चित्रफितींत शोधायची सवय लागली आहे. त्यातला बराचसा सल्ला अमेरिकेतून उसना आलेला असतो. ‘माझी संमती नाही’ एवढं ठामपणे म्हणा की पोलिसाचे हात बांधले गेले, असा त्याचा सूर. तिथे संमतीला खरोखर मोल आहे. पण तिथेही गाडीची गोष्ट घरापेक्षा वेगळी मानली जाते, आणि ती वेगळी झाली तीसुद्धा दारूबंदीमुळेच. डिसेंबर १९२१ मध्ये मिशिगन राज्यात ग्रँड रॅपिड्स ते डेट्रॉइटच्या रस्त्यावर दारूबंदीच्या अधिकाऱ्यांनी जॉर्ज कॅरोल आणि जॉन किरो यांची ओल्ड्समोबिल अडवली. आसनाची गादी फाडली तेव्हा आतून व्हिस्की आणि जिनच्या ६८ बाटल्या निघाल्या. १९२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की घर जागेवर असतं पण गाडी वॉरंट येईपर्यंत हद्दीबाहेर निघून जाते, म्हणून सबळ कारण असेल तर गाडीची झडती वॉरंटशिवाय घेता येते. नवापूरच्या नाक्यावर उभ्या असलेल्या फौजदाराला हा युक्तिवाद कुणी समजावून सांगायची गरज नाही.

आपल्याकडे संमतीचा मुद्दा जवळजवळ येतच नाही. एखाद्या विशिष्ट कायद्याने पोलिसाला झडतीचा अधिकार दिलेला असेल तर तो तुमच्या होकारावर थांबून राहत नाही, आणि दिलेला नसेल तर तुमच्या घाबऱ्या मानेने दिलेल्या होकाराने तो निर्माण होत नाही. म्हणून नाक्यावर विचारायचा प्रश्न ‘का उघडू?’ असा नसून ‘साहेब, कशासाठी तपासताय?’ असा आहे. विचारण्याचा सूरही महत्त्वाचा. हा प्रश्न चढ्या आवाजात विचारला की त्याचं भांडण होतं, आणि रस्त्यावरच्या भांडणात गणवेशवाला हरल्याचं फारसं ऐकिवात नाही.

आधी कागदपत्रांचं. गणवेशातल्या पोलिसाने मागितलं की वाहन चालवण्याचा परवाना आणि गाडीचं नोंदणीपुस्तक दाखवावंच लागतं, मोटार वाहन कायदा तेच सांगतो. केंद्र सरकारने २०१८ मध्ये नियम बदलल्यापासून डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली प्रत मूळ कागदाइतकीच चालते. त्यासाठी तुम्हाला थांबवणं कायदेशीर आहे आणि थांबायला सांगितल्यावर गाडी दामटणं हा शुद्ध मूर्खपणा आहे. पण कागद बघणं हे एक काम आणि डिकीतल्या बॅगा उपसणं हे दुसरं. पहिल्या अधिकारातून दुसरा आपोआप फुटत नाही. तसंच गाडीत हात घालून किल्ली काढून घ्यायची एक रीत पडली आहे, तिला मोटार वाहन कायद्यात आधार नाही. कागद नसलेली गाडी अडकवून ठेवण्याची तरतूद कलम २०७ मध्ये आहे, पण ती पावती-नोंदीसकट करायची कारवाई आहे.

डिकी उघडायला लावणारे अधिकार वेगवेगळ्या कायद्यांत विखुरलेले आहेत. या जिल्ह्यात सगळ्यात जास्त वापरात येतो तो दारूबंदी कायद्याचा. त्याचं कलम १२१ पोलिसांना आणि राज्य उत्पादन शुल्काच्या अधिकृत अधिकाऱ्यांना वाहन थांबवून दारूसाठी तपासण्याची, पुडकी उघडून बघण्याची मुभा देतं. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ नुसार एखादी वस्तू चोरीची असल्याचा प्रामाणिक संशय आला तर रस्त्यावर ती तपासून खुलासा मागता येतो. गोवंशाची वाहतूक असेल तर त्याचा वेगळा कायदा आहे आणि तिथे झडती घेणारा उपनिरीक्षकाच्या दर्जाखालचा पोलीस चालत नाही. आणि एखाद्या गुन्ह्याचा तपास सुरू असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८५ लागू होतं. यात अधिकाऱ्याने झडतीची कारणं आधी लेखी नोंदवायची असतात आणि त्या नोंदीची प्रत ४८ तासांच्या आत जवळच्या दंडाधिकाऱ्याकडे पाठवायची असते. जागेच्या मालकाने अर्ज केला तर त्यालाही ती फुकट मिळते. या संहितेत ‘जागा’ म्हणजे काय याची व्याख्या आहे आणि तिच्यात घर, इमारत, तंबू, वाहन आणि नाव सगळे एका रांगेत बसवले आहेत. म्हणजे गावातल्या घराला झडतीच्या वेळी जे संरक्षण, तेच तुमच्या जीपला आणि अक्राणीत सरदार सरोवराच्या फुगवट्यावर चालणाऱ्या होडीलाही.

पोलीस आणि कायद्याने अधिकार दिलेले अधिकारी सोडून दुसऱ्या कुणाला यातलं काहीही करता येत नाही. गळ्यात उपरणं, हातात काठी आणि मोबाईलचा कॅमेरा सुरू असलेली चार पोरं गाडी अडवून ताडपत्री सोडायला लागली तर ती झडती नव्हे. अशा वेळी ११२ फिरवावा.

आता मुख्य विषय, पंचनामा. झडतीत तुमचा हक्क राहतो तो इथे. डिकी उघडण्याला किती विरोध केला यापेक्षा डिकी बंद झाल्यावर कागदावर काय आलं, यावर पुढची दोन-चार वर्षं ठरतात.

संहितेच्या कलम १०३ प्रमाणे झडती दोन किंवा अधिक पंचांसमोर व्हायला हवी. ते शक्यतो त्याच भागातले, स्वतंत्र आणि प्रतिष्ठित असावेत. मध्यरात्री कोंडाईबारीच्या घाटात असे पंच कुठून आणायचे, ही पोलिसांची अडचण खोटी नाही. दारूबंदी कायद्याने ती ओळखलीही आहे. पंच त्या भागातले नव्हते, एवढ्यावरून तिथली झडती बेकायदा ठरत नाही. पण या सवलतीतून एक वाईट चाल पडली. ठाण्यासमोरचा टपरीवाला, ठाण्यात कायम येणारा-जाणारा गाडीवाला असे ठरलेले पंच प्रत्येक पंचनाम्यावर सही करताना दिसतात. न्यायालयांना ही नावं लवकरच ओळखीची होतात आणि असा पंच उलटतपासणीत फार टिकत नाही. त्यामुळे झडतीच्या वेळी पंच म्हणून कोण उभं आहे, मुळात कुणी उभं आहे का, हे डोळ्यांनी बघून ठेवावं. पंच माल सापडल्यानंतर आणले गेले असतील तर तेही लक्षात ठेवावं. लेखी आदेश देऊनही सबळ कारणाशिवाय पंच व्हायला नकार देणं हा गुन्हा आहे. गावोगाव लोकांना हे ठाऊक नसतं आणि ‘कोर्टकचेरीची भानगड नको’ म्हणून माणसं अंधारात पांगतात.

झडती चालू असताना तिथे हजर राहण्याचा हक्क गाडीच्या ताबेदाराला आहे. ‘तू तिकडे जाऊन उभा राहा’ असं सांगितलं तर ‘साहेब, मला दिसेल असं उभं राहू द्या’ एवढं म्हणता येतं आणि म्हणावं. कपाटातून, कप्प्यातून, आसनाखालून जे ताब्यात घेतलं जाईल त्याची आणि ते कुठे सापडलं त्या जागेची यादी जागेवर करायची, पंचांनी तिच्यावर सह्या करायच्या आणि तिची प्रत ताबेदाराला द्यायची, असा नियम आहे. मोबाईल घेतला तर तोही यादीत हवा. पाकिटातली रोकड घेतली तर नोटा किती आणि कोणत्या, हेही हवं. यादीतली ‘इतर किरकोळ सामान’ ही ओळ सगळ्यात धोक्याची. पुढे सोन्याची अंगठी गेली की घड्याळ, हे त्या ओळीतून कुणालाच काढता येत नाही.

गाडीत बाई असेल आणि तिच्या अंगावर काही लपवल्याचा संशय असेल, तर तिची झडती बाईनेच घ्यायची आणि मर्यादा सांभाळून घ्यायची. महिला शिपाई सोबत नसेल तर ती येईपर्यंत थांबावं लागेल, पण तोवर पुरुषाने हात लावायचा नाही. यात सबब चालत नाही.

धडगाव-मोलगीच्या बाजूला प्रश्न आणखी वेगळा होतो. पंचनामा मराठीत लिहिला जातो, चालक भिली किंवा पावरी बोलणारा. त्याला ‘सही कर’ एवढंच कळतं आणि तो करतो, काही वेळा कोऱ्या कागदावरही. वाचून दाखवा, समजेल अशा भाषेत सांगा, असं म्हणण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. मजकूर पटत नसेल तर सहीशेजारी ‘मान्य नाही’ किंवा ‘वाचून दाखवले नाही’ असं लिहिता येतं. यादीवर कायद्याला हवी असते ती पंचांची सही. ‘माल माझाच आहे’ असं पोलिसांपुढे वदवून घेतलेलं वाक्य कबुली म्हणून न्यायालयात चालत नाही, ते साक्ष कायद्यातून जुन्या काळापासून चालत आलं आहे. राज्यघटनेच्या कलम २०(३) प्रमाणे स्वतःविरुद्ध बोलण्याची सक्ती कुणावर करता येत नाही. नाव, पत्ता, गाडी कुणाची एवढं सांगून पुढच्या प्रश्नांना वकील येईपर्यंत थांबवता येतं.

१ जुलै २०२४ पासून नवी संहिता लागू झाली आणि एक मोठी गोष्ट बदलली. कलम १०५ ने झडती, जप्ती, यादी करणं आणि पंचांच्या सह्या या सगळ्याचं ध्वनिचित्रमुद्रण बंधनकारक केलं, तेही शक्यतो मोबाईलवर, आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचं. माझ्या मते पंचांच्या शंभर सह्यांपेक्षा ही तरतूद मोलाची आहे, फक्त मुद्रण माल सापडल्यावर सुरू न होता डिकी उघडण्याआधी सुरू व्हायला हवं. ‘साहेब, रेकॉर्डिंग चालू आहे ना?’ हा प्रश्न विचारायला धाडस लागत नाही. आपल्या मोबाईलवर दुरून चित्रण करणं हाही स्वतःहून गुन्हा नाही. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने पोलीस ठाण्यातल्या चित्रणाबद्दलसुद्धा सांगितलं, की ठाणं हे शासकीय गुपिते कायद्यातलं ‘निषिद्ध ठिकाण’ नाही. मात्र चित्रण करता करता शिपायाच्या छातीला हात लागला तर गोष्ट बदलते. पूर्वी ज्याची धमकी ‘तीनशे त्रेपन्न लावीन’ अशी दिली जायची, ते कलम आता भारतीय न्याय संहितेत १३२ झालं आहे. आकडा बदलला, धाक तोच.

हे सगळं ऐकून एखादा विचारेल, की पंच नव्हते, चित्रण नव्हतं, मग केस पडलीच ना? तसं होत नाही. पूरणमल खटल्यात १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की झडती बेकायदा असली तरी तिच्यात सापडलेला पुरावा केवळ तेवढ्यामुळे बाद होत नाही. झडतीतल्या त्रुटी पुराव्याची विश्वासार्हता खाली ओढतात, न्यायाधीशांच्या मनात शंका निर्माण करतात आणि शंकेचा फायदा आरोपीला मिळतो, इतकंच. त्यासाठी त्रुटी होती हे दाखवायला काहीतरी हातात असावं लागतं. वेळ, जागा, अधिकाऱ्याचं नावपट्टीवरचं नाव, ठाणं, सोबत असलेल्यांचे फोन नंबर हे त्याच रात्री लिहून ठेवलेलं असेल तर सहा महिन्यांनी वकिलाला काम करता येतं.

अमली पदार्थांच्या कायद्यात मात्र त्रुटी महाग पडते. १९८५ च्या या कायद्यात शिक्षा जबर आहेत, म्हणून न्यायालयं प्रक्रियेबाबत कडक राहिली. माणसाच्या अंगाची झडती घेण्याआधी, ‘राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती घ्यावी, असा तुमचा हक्क आहे’ हे त्याला सांगावंच लागतं. गुजरातेतल्या विजयसिंह जाडेजा खटल्यात २०१० साली घटनापीठाने हे पाळणं सक्तीचं ठरवलं. पण इथे एक मेख आहे. ही तरतूद अंगाची आहे, बॅगेची किंवा गाडीची नाही, हे २००५ च्या पवनकुमार निकालाने स्पष्ट केलं. डिकीत गांजाचं पोतं असेल तर हा हक्क पुढे करून उपयोग नाही. खासगी गाडीला वेगळं संरक्षण मिळालं ते २०२१ मध्ये, हरियाणातल्या बूटासिंग प्रकरणात. रस्त्यावर उभी असली तरी खासगी जीप ही ‘सार्वजनिक जागा’ नव्हे, म्हणून तिची झडती घेताना मिळालेली खबर लेखी नोंदवण्यासारख्या कलम ४२ च्या अटी पाळायला हव्या होत्या, असं म्हणत सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना सोडलं. त्रास देण्यासाठी विनाकारण झडती घेणाऱ्या अधिकाऱ्याला याच कायद्याच्या कलम ५८ मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद आहे.

निवडणुकीच्या दिवसांत नाक्यावरचं चित्र पालटतं. पोलिसांच्या जोडीला स्थिर सर्वेक्षण पथक येतं, भरारी पथक येतं आणि दारूइतकीच रोकड शोधली जाते. २०२४ ची विधानसभा निवडणूक नोव्हेंबरात झाली, म्हणजे नंदुरबारच्या बाजार समितीत ओल्या लाल मिरचीची आवक वाढते त्याच सुमारास. मिरची विकून पैसे घेऊन गावी निघालेल्या शेतकऱ्याच्या मनात एकच धास्ती असते, पन्नास हजारांवर सापडले की गेले. खरा नियम असा नाही. निवडणूक आयोगाच्या कार्यपद्धतीत ५० हजारांची मर्यादा आहे ती उमेदवार, त्याचा प्रतिनिधी किंवा पक्षाचा कार्यकर्ता असलेल्या अथवा प्रचारसाहित्य नेणाऱ्या गाडीसाठी. इतरांकडची रक्कम मोठी असली म्हणून ती आपोआप बेकायदा होत नाही. दहा लाखांवर रोकड असेल आणि गुन्ह्याचा संशय नसेल तर पथक आयकर विभागाला कळवतं. शेतकऱ्याने आडत्याची हिशेबपट्टी, बाजार समितीची पावती आणि बँकेतून काढले असतील तर पासबुकाची नोंद जवळ ठेवली की बहुतेक वेळा प्रश्न तिथेच मिटतो.

पथकाची तपासणी दंडाधिकाऱ्याच्या उपस्थितीत आणि चित्रीकरण करून व्हायची असते, आणि बाईची पर्स महिला अधिकारी असल्याशिवाय उघडायची नाही, असंही त्या कार्यपद्धतीत आहे. तरीही रक्कम अडकली तर जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी, निवडणूक खर्चाचे नोडल अधिकारी आणि जिल्हा कोषागार अधिकारी यांची समिती असते. गुन्हा दाखल नसेल तर ती रक्कम सोडण्याचा आदेश देते. जप्तीच्या कागदावर दाद कुठे मागायची हे छापलेलं असायला हवं, तो कागद मागून घ्यावा.

जाता जाता मोहफुलांबद्दल. दारूबंदी कायद्याच्या धाकाने सातपुड्यातल्या बायकांची फुलांची पोती वर्षानुवर्षं अडवली गेली. २०२१ मध्ये राज्य सरकारने मोहफुलांच्या साठवणीवरचे आणि वाहतुकीवरचे निर्बंध शिथिल केले. ही बातमी प्रत्येक नाक्यावर पोचली असेलच असं गृहीत धरू नये. त्या शासननिर्णयाची झेरॉक्स गाडीत असलेली बरी.

शेवटी गाडीचं काय होतं ते. मुद्देमाल म्हणून जप्त झालेली गाडी ठाण्याच्या आवारात उभी राहते. टायर बसतात, बॅटरी जाते, पावसात पत्रा खातो आणि हप्ते चालूच राहतात. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या खटल्यात १ ऑक्टोबर २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की जप्त वाहनं ठाण्यात सडवत ठेवण्यात काही अर्थ नाही, छायाचित्रं काढा, बंधपत्र घ्या आणि लवकर मालकाकडे सोपवा. नव्या संहितेने ४९७ आणि ५०३ या कलमांत त्याची वाट दिली आहे. अर्ज त्या ठाण्याच्या हद्दीतल्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडे करायचा, सोबत नोंदणीपुस्तक, विमा, ओळखपत्र आणि गाडीवर कर्ज असेल तर त्याचे कागद जोडायचे. गाडी भाड्याने दिली होती आणि चालकाने परस्पर माल भरला, असं असेल तर अर्ज चालकाने न करता मालकाने स्वतः करावा आणि भाड्याचा करार किंवा व्यवहाराची नोंद लावावी. न्यायालय पोलिसांचं म्हणणं मागवतं आणि मग सुपुर्दनाम्यावर गाडी सोडण्याचा आदेश होतो. सुपुर्दनाम्यात साधारणपणे तीन अटी असतात. गाडी विकायची नाही, रंगरूप बदलायचं नाही आणि बोलावलं की हजर करायची. गाडी गुजरातच्या हद्दीत पकडली गेली असेल तर मात्र तिथला दारूबंदी कायदा वाहन सोडण्याबाबत कितीतरी कडक आहे, आणि वकीलही नवापूरचा न बघता तिकडच्या न्यायालयात रोज उभा राहणारा बघावा लागतो.